अर्धवट पदवी अमेरिकेत पूर्ण करताना: आधी कॉलेज ठरवा, मग परीक्षा द्या

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झाली की बोलता बोलता कुणीतरी सांगतं, "एस.वाय.पर्यंत झालं होतं, मग लग्न झालं आणि इकडे आले." त्याला लागूनच प्रश्न येतो: "क्लेपच्या चार परीक्षा देऊन झाल्यात, आता कुठलं कॉलेज त्या धरेल?" क्लेप म्हणजे वर्गात न बसता कॉलेजचं क्रेडिट मिळवून देणाऱ्या परीक्षा. मीही असाच उलटा प्रवास केला. पुण्यातलं बी.कॉम. दोन वर्षांवर सोडून आले आणि इथे कॉलेज ठरवण्याआधीच तीन परीक्षा देऊन बसले. त्यातल्या दोन माझ्या पदवीत कुठेच बसल्या नाहीत. फी गेली, संध्याकाळी जागून केलेला अभ्यासही गेला.

चूक अभ्यासात नव्हती, क्रमात होती. इथे मिळणारी सल्ल्याची पानं "कोणती परीक्षा सोपी" यानेच सुरू होतात, त्यामुळे अजूनही अनेक जण तसेच फसताना दिसतात. म्हणून सगळा क्रम लिहून काढला आहे. अमेरिकेत राहणाऱ्या, भारतात किंवा इथे थोडं कॉलेज झालेल्या कुणालाही तो लागू पडावा.

## सुरुवातीला पाच शब्द

हे पाच शब्द पक्के नसतील तर कॉलेजच्या सल्लागाराशी झालेलं बोलणं अर्धंच समजतं.

क्रेडिट: पदवीसाठी केलेला अभ्यास मोजायचं एकक. बॅचलर पदवीला साधारण 120 सेमिस्टर क्रेडिट्स लागतात आणि एक नेहमीचा कोर्स 3 क्रेडिट्सचा असतो. काही कॉलेजांत क्वार्टर पद्धत असते. तिथली 90 क्वार्टर क्रेडिट्स म्हणजे 60 सेमिस्टर क्रेडिट्स. मोजताना हा दोन तृतीयांशाचा हिशेब विसरू नका.

जनरल एज्युकेशन: कुठलाही मुख्य विषय घेतला तरी सगळ्यांना करावे लागणारे विषय. इंग्रजी लेखन, गणित, विज्ञान, समाजशास्त्रं, मानव्यविद्या यांचा त्यात समावेश असतो.

मेजर: तुमचा मुख्य विषय.

अप्पर लेव्हल: 300 आणि 400 क्रमांकाचे कोर्स, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षाची पातळी. बहुतेक कॉलेजं यातली ठरावीक क्रेडिट्स मागतात, पुष्कळदा 30 ते 45.

रेसिडेन्सी: पदवी देणाऱ्या कॉलेजातच घ्यावी लागणारी किमान क्रेडिट्स. राहण्याच्या जागेशी याचा संबंध नाही. नेहमीचा आकडा 30, काही ठिकाणी कमी, काही ठिकाणी जास्त.

आपल्या लोकांचं गणित शेवटच्या दोन शब्दांवरच चुकतं. परीक्षेतून मिळणारी क्रेडिट्स बहुतांश खालच्या पातळीची असतात आणि रेसिडेन्सीत सहसा धरली जात नाहीत. नुसत्या परीक्षांवर पदवी उभी राहत नाही.

## टप्पा 1: व्हिसा आणि पदवीचा हेतू

एच-4 (नोकरीच्या एच व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर शिकता येतं, अर्धवेळ किंवा पूर्णवेळ, ऑनलाइनसुद्धा. ग्रीन कार्ड असेल तर सरकारी आर्थिक मदतीचा फॅफ्सा अर्ज भरता येतो, एच-4 वर तो मार्ग बंद असतो. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर दर सत्रात पूर्णवेळ अभ्यासक्रम लागतो आणि त्यात ऑनलाइनचा एकच कोर्स धरला जातो. परीक्षा देऊन क्रेडिट मिळवलं म्हणून ती अट सैल होत नाही. तुम्ही एफ-1 वर असाल तर पुढचं प्रत्येक पाऊल कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारून टाका. पर्यटक व्हिसावर प्रवेश घेऊ नका.

मग स्वतःला विचारा, ही पदवी कशासाठी हवी आहे? नोकरीच्या अर्जातली "बॅचलर्स" ही अट पूर्ण करायची असेल तर जवळजवळ सगळे मार्ग मोकळे आहेत. सीपीए, म्हणजे परवानाधारक अकाउंटंट व्हायचं असेल तर एकूण क्रेडिट्सच्या आणि अकाउंटिंग विषयांच्या अटी तुमच्या राज्याच्या अकाउंटन्सी बोर्डाकडून आधी वाचा. नर्सिंग, शिक्षकी परवाना किंवा मेडिकलकडे जायचं असेल तर परीक्षेतून मिळालेली विज्ञानाची क्रेडिट्स अनेक ठिकाणी चालत नाहीत. भारतात परतून पुढे शिकायचा किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल तर ऑनलाइन घेतलेल्या परदेशी पदवीची समकक्षता भारतात कशी ठरते, ते पहिली फी भरण्याआधी विचारून घ्या.

> तपासणी: "मला ही पदवी ... साठी हवी आहे" असं एक वाक्य कागदावर लिहा. पुढे दोन कॉलेजांमध्ये अडकाल तेव्हा हेच वाक्य निर्णय देईल.

## टप्पा 2: जुने कागद

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि सर्वांत जास्त महिने हाच खातो. म्हणून तो लगेच सुरू करा, कॉलेज ठरलं नसलं तरी.

भारतातल्या शिक्षणासाठी हे जमवा:

1. प्रत्येक वर्षाच्या किंवा सत्राच्या गुणपत्रिका. एटीकेटी लागून विषय नंतर सुटला असेल तर तो सुटल्याची गुणपत्रिकासुद्धा. नापास राहिलेल्या विषयाला क्रेडिट नाही, पण त्याच वर्षातल्या पास झालेल्या विषयांचा विचार होऊ शकतो.
2. तुम्ही शिकलात त्या वर्षाचा अभ्यासक्रम, विद्यापीठाने छापलेला. हा कागद कुणाच्या लक्षात येत नाही. "बिझनेस लॉ" नावाच्या विषयात नेमकं काय शिकवलं, हे कॉलेजला कळल्याशिवाय ते त्याला आपल्या कोर्सशी जोडत नाही. नुसतं "इलेक्टिव्ह" (ऐच्छिक विषय) म्हणून बाजूला टाकतं.
3. बारावीचं प्रमाणपत्र. बारावीच्या विषयांना सहसा क्रेडिट मिळत नाही, पण शालेय शिक्षण पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून ते मागतात.
4. इंग्रजी माध्यमातून शिकला असाल तर तसा दाखला. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतून सूट मागताना तो कामी येतो.

गुणपत्रिका तुमच्या कॉलेजने दिली होती की विद्यापीठाने, ते पाहा. संलग्न कॉलेज असेल तर ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या गुणांचा अधिकृत उतारा) विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून लागते. कॉलेजच्या प्राचार्यांच्या शिक्क्याचा कागद बहुधा परत येतो. स्वायत्त कॉलेज असेल तर कुणाचा शिक्का चालेल, ते मूल्यांकन संस्थेच्या (भारतीय शिक्षण अमेरिकन पद्धतीत मोजून देणारी संस्था, टप्पा 4 पाहा) यादीत पाहून घ्या.

आता नाव. हा आपल्याकडचा खास गुंता आहे. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि पुढे आईचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव आणि मधे नवऱ्याचं. इथल्या कारकुनाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत, आणि राजपत्रात नाव बदललं असेल तर तीही, प्रत्येक पाकिटाबरोबर ठेवा. शिवाय आजपासून प्रत्येक अर्जावर, प्रत्येक परीक्षेच्या नोंदणीत पासपोर्टवर आहे तसंच नाव लिहा, अक्षरालाही अक्षर. क्लेपच्या केंद्रावर ओळखपत्रावरचं आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत.

अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजात काही कोर्स केले असतील तर तिथूनही अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट लागेल. जुनी फी थकली म्हणून ते कॉलेज ट्रान्स्क्रिप्ट अडवत असेल तर आधी तुमच्या राज्याचा कायदा पाहा. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशा राज्यांत थकबाकीसाठी ट्रान्स्क्रिप्ट रोखायला बंदी आहे.

> सावध: सीलबंद पाकीट उघडू नका. "आत काय आलंय बघूया" म्हणून फाडलेलं पाकीट म्हणजे भारतातली सगळी धावपळ पुन्हा पहिल्यापासून. पाहण्यासाठी एक जादा प्रत वेगळी मागवा.

## टप्पा 3: कॉलेज निवडा

इथे घाई करू नका. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत मोलाचा महिना हा आहे.

पहिली चाळणी मान्यतेची. कॉलेजला मिडल स्टेट्स, हायर लर्निंग कमिशन, साउदर्न असोसिएशन, न्यू इंग्लंड, नॉर्थवेस्ट किंवा वेस्टर्न अशा संस्थांपैकी एकीची मान्यता असली पाहिजे. जुने लोक तिला रीजनल अॅक्रेडिटेशन म्हणतात. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव टाकून ही मान्यता तपासता येते. "तुमच्या अनुभवावर तीस दिवसांत पदवी" अशी जाहिरात दिसली की तिथेच थांबा.

दुसरी चाळणी बाहेरून किती क्रेडिट्स घेतात त्याची. अनेक कॉलेजं 120 पैकी 60 वरच थांबतात. प्रौढ विद्यार्थ्यांसाठी काम करणारी काही कॉलेजं खूप पुढे जातात. न्यू जर्सीच्या ट्रेंटनमधलं थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी, कनेक्टिकटचं चार्टर ओक स्टेट कॉलेज आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचं एक्सेल्सियर ही तिन्ही 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासून नेमकं हेच काम करतात: इकडून तिकडून जमलेली क्रेडिट्स एका पदवीत बसवणं. सदर्न न्यू हॅम्पशायर आणि युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड ग्लोबल कॅम्पस बॅचलरसाठी बाहेरची 90 पर्यंत क्रेडिट्स घेतात. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीचा हिशेब निराळा: सहा महिन्यांची एकच ठरलेली फी आणि त्यात जमतील तेवढे कोर्स. रोज दोन-तीन तास नेमाने बसता येत असेल तर ती पद्धत स्वस्त पडते. घरात लहान मूल आहे आणि आठवड्याचा भरवसा नाही, अशा वेळी तीच महाग पडते.

तुमच्या गावाजवळचं राज्य विद्यापीठही यादीत असू द्या. राज्यातल्या रहिवाशांची कमी फी एच-4 वाल्यांना मिळते की नाही, हे राज्यागणिक बदलतं, आणि त्यावर हजारो डॉलरचा फरक पडतो.

तीन कॉलेजं निवडा आणि प्रत्येकाला ईमेलने, लेखी, हे सात प्रश्न विचारा:

1. बाहेरची एकूण किती क्रेडिट्स घेता?
2. परीक्षेतून मिळालेल्या क्रेडिट्सवर वेगळी मर्यादा आहे का?
3. रेसिडेन्सी किती, आणि शेवटची ठरावीक क्रेडिट्स इथेच घ्यावी लागतात का?
4. अप्पर लेव्हल किती, आणि त्यातली मेजरमध्ये किती?
5. जुन्या कोर्सना मुदत आहे का? कॉम्प्युटर आणि विज्ञानाच्या विषयांना ती बऱ्याचदा असते.
6. भारतातल्या शिक्षणासाठी कोणत्या मूल्यांकन संस्थेचा अहवाल चालतो?
7. तीन वर्षांची भारतीय पदवी पूर्ण असेल तर मला "दुसरी बॅचलर" घेणारी समजाल का?

सातवा प्रश्न बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. पूर्ण झालेल्यांसाठी आहे. काही मूल्यांकनांत तीन वर्षांची पदवी अमेरिकन बॅचलरच्या बरोबरीची ठरते, काहींत ती तीन वर्षांचं शिक्षण म्हणून मोजली जाते. बरोबरीची ठरली तर कदाचित तुम्हाला पुन्हा बॅचलरची गरजच नसेल, सरळ मास्टर्सचं दार उघडं असेल. मी पाहिलंय, पूर्ण बी.कॉम. असलेल्या एका ताईंनी दीड वर्ष बॅचलरचे कोर्स केले आणि मग कळलं की त्यांच्या मूल्यांकनात पदवी बरोबरीची होती. तसं तुमचं होऊ नये.

> सावध: प्रवेश विभागातला माणूस फोनवर "सगळं ट्रान्सफर होईल" म्हणतो. "ट्रान्सफर होईल" आणि "तुमच्या पदवीच्या अटींत लागू होईल" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 60 क्रेडिट्स आत येतात आणि त्यातली 30 जास्तीचे इलेक्टिव्ह म्हणून पडून राहतात, असं सर्रास घडतं. विचारताना "लागू" हाच शब्द वापरा.

## टप्पा 4: भारतीय शिक्षणाचं मूल्यांकन

कॉलेज ठरलं, आता मूल्यांकन. डब्ल्यूईएस, ईसीई यांसारख्या नॅसेस या संघटनेच्या सदस्य संस्था सर्वसाधारणपणे चालतात, पण सहाव्या प्रश्नाचं उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका. काही कॉलेजं ठरावीक संस्थांचेच अहवाल घेतात, काही स्वतः मूल्यांकन करतात.

अहवालाचे दोन प्रकार असतात. एकात फक्त "ही पदवी अमुक बरोबरीची" एवढंच लिहिलेलं असतं आणि तो स्वस्त असतो. दुसरा कोर्सवार, ज्यात प्रत्येक विषयाची क्रेडिट्स आणि श्रेणी दिलेली असते. क्रेडिट ट्रान्सफरसाठी कोर्सवारच लागतो. स्वस्त अहवाल मागवून महिनाभराने पुन्हा पैसे भरणारे बरेच जण मी पाहिले आहेत.

क्रम असा ठेवा: आधी संस्थेच्या संकेतस्थळावर खातं उघडा आणि संदर्भ क्रमांक घ्या, मग विद्यापीठाला ट्रान्स्क्रिप्ट पाठवायला सांगा. क्रमांक नसलेलं पाकीट कुणाच्या फायलीत लावायचं, हे तिथे कळत नाही. विद्यापीठाच्या खिडकीवर जाणारं घरचं माणूस असेल तर त्याच्याकडे तुमच्या सहीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत द्या. एकाच फेरीत दोन-तीन जादा सीलबंद प्रती काढून ठेवायला सांगा.

टक्केवारी बघून हिरमुसू नका. आपल्याकडचे 62 टक्के इथल्या 62 सारखे वाचले जात नाहीत, आपला पहिला वर्ग इथे चांगल्या श्रेणीत बसतो. शिवाय बाहेरून आलेल्या क्रेडिट्सच्या श्रेणी नव्या कॉलेजच्या जीपीएत (श्रेणींच्या सरासरीत) बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, फक्त क्रेडिट धरतात.

## टप्पा 5: रिकाम्या जागांचा तक्ता

अहवाल कॉलेजकडे गेला की ते तुमच्या नावाने डिग्री ऑडिट तयार करतं: कोणती अट पूर्ण, कोणती रिकामी. हे हातात आल्याशिवाय एकाही परीक्षेची फी भरायची नाही. संपूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवा.

ऑडिट पोर्टलवर नुसतं पाहू नका, तारखेसह पीडीएफ उतरवून ठेवा. आणि कोणत्या वर्षाच्या कॅटलॉगप्रमाणे (कॉलेजच्या नियमपुस्तकाप्रमाणे) तुमची पदवी मोजली जाते, ते विचारून ठेवा. अटी दरवर्षी बदलू शकतात. प्रवेश घेतल्यावर तुम्हाला तुमच्या वर्षाच्या अटी सहसा लागू राहतात, पण मधे खंड पडला तर नव्या लागू होतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या कॉलेजचे वेगळे असतील.

समजा बिझनेसची पदवी, एकूण 120. त्यात जनरल एज्युकेशन 42, मेजर 48, मोकळे इलेक्टिव्ह 30. अप्पर लेव्हल 36 हवीत, रेसिडेन्सी 30, परीक्षेची कमाल मर्यादा 30. पुण्यातल्या दोन वर्षांच्या बी.कॉम.मधून 48 क्रेडिट्स लागू झाली: अर्थशास्त्र आणि गणिताची 9 जनरल एज्युकेशनमध्ये, अकाउंटिंग, व्यवस्थापन, कायदा वगैरे 18 मेजरमध्ये, 21 इलेक्टिव्हमध्ये. म्हणजे उरली 33, 30 आणि 9. एकूण 72.

आता ही 72 वाटून टाका. मेजरची 30 अप्पर लेव्हलची आहेत, ती याच कॉलेजात घ्यायची. रेसिडेन्सी आपोआप पूर्ण झाली. अप्पर लेव्हलला आणखी 6 हवीत, म्हणून इलेक्टिव्हच्या 9 पैकी 6 पण याच कॉलेजातून, वरच्या पातळीची. जनरल एज्युकेशनच्या 33 पैकी प्रयोगशाळेसहचं विज्ञान आणि भाषणाचा कोर्स मिळून 9 कम्युनिटी कॉलेजात (कमी फीच्या स्थानिक कॉलेजात). राहिली 24, आणि इलेक्टिव्हची 3. ही 27 परीक्षेने, मर्यादेच्या आत. बेरीज करून पाहा: 36, 9 आणि 27 मिळून 72.

हा तक्ता हाती आला की "कोणती परीक्षा सोपी" हा प्रश्न उरतच नाही. तुमच्या जागा ठरलेल्या आहेत, त्या जागेत बसणारीच परीक्षा द्यायची.

> तपासणी: तक्ता सल्लागाराला ईमेल करा आणि विचारा, "या परीक्षा पास झाल्यास या-याच अटी पूर्ण होतील ना?" लेखी "हो" येईपर्यंत थांबा. सल्लागार बदलतात, ईमेल राहते.

> सावध: एकाच विषयाला दोनदा क्रेडिट मिळत नाही. बी.कॉम.चं अर्थशास्त्र लागू झालं असेल तर क्लेपची मॅक्रोइकॉनॉमिक्स देऊन काही वाढत नाही. माझ्या वाया गेलेल्या दोन परीक्षांपैकी एक हीच होती.

## टप्पा 6: परीक्षा

क्लेप. कॉलेज बोर्डाच्या तीसहून अधिक परीक्षा आहेत. बहुतेक 90 मिनिटांच्या, पर्यायी उत्तरांच्या. गुण 20 ते 80 मध्ये असतात आणि शिफारस केलेली पास रेषा 50 ची आहे. काही कॉलेजं ती वर ठेवतात, म्हणून आपल्या कॉलेजचा आकडा पाहा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नका. आपल्याकडच्या उणे गुणांच्या सवयीमुळे लोक प्रश्न सोडून देतात. नापास झालात तर तीच परीक्षा पुन्हा द्यायला तीन महिने थांबावं लागतं. गुण 20 वर्षं जपून ठेवले जातात.

फी साधारण 100 डॉलर, वर केंद्राचा आकार वेगळा. मॉडर्न स्टेट्स या संस्थेचा मोफत ऑनलाइन कोर्स पूर्ण केला तर परीक्षेच्या फीचं व्हाउचर मिळतं. मात्र व्हाउचर आधी घ्यायचं, नोंदणी नंतर करायची.

कोणती आधी? माझा सल्ला: ज्या विषयाची थोडी तरी ओळख आहे तो पहिला. सायकॉलॉजी किंवा सोशिऑलॉजीची प्रवेशपातळीची परीक्षा बऱ्याच जणांना जमते. अमेरिकन गव्हर्नमेंट आणि अमेरिकेचा इतिहास आपल्याला वाटतात त्याहून जड जातात. इथे शाळेत शिकलेल्या मुलांच्या डोक्यात ती नावं आणि खटले आधीच असतात, आपल्याला सगळं नव्याने बसवावं लागतं. त्यांना दुप्पट वेळ द्या.

कॉलेज कॉम्पोझिशन वेगळं प्रकरण आहे. पर्यायी प्रश्नांबरोबर दोन निबंध टाइप करावे लागतात. एक एखाद्या विधानावर स्वतःचं मत मांडणारा, दुसरा दिलेल्या दोन उताऱ्यांचा आधार घेऊन लिहायचा. दुसऱ्यात दोन्ही उताऱ्यांचा उल्लेख आणि श्रेय देणं आवश्यक असतं, आणि इथेच आपण गुण घालवतो. आपल्या शाळेतला निबंध प्रस्तावनेने रंगतो आणि मत शेवटी येतं. इथे मत पहिल्या परिच्छेदात हवं, पुढचा प्रत्येक परिच्छेद त्याला एक कारण देणारा. घड्याळ लावून किमान सहा निबंध लिहून पाहा. निबंध तपासायला वेळ लागतो म्हणून या परीक्षेचा निकाल लगेच पडद्यावर दिसत नाही. सत्राच्या शेवटच्या आठवड्यावर ती ठेवू नका.

डीएसएसटी. क्लेपसारख्याच क्रेडिट देणाऱ्या दुसऱ्या परीक्षा. बहुतेक परीक्षांत 400 गुणांची पास रेषा. यातल्या काही परीक्षांना अप्पर लेव्हलची शिफारस आहे, क्लेपमध्ये ती सोय जवळपास नाही. पण शिफारस असली तरी तुमचं कॉलेज तिला वरच्या पातळीचं मानतं का, ते विचारायलाच हवं.

भाषा. क्लेपमध्ये स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन आहेत, आपल्या भाषा नाहीत. हिंदी चांगली येत असेल तर अॅक्टफल या परभाषा शिक्षणाच्या अमेरिकन संस्थेची अधिकृत मौखिक परीक्षा देता येते आणि तिला क्रेडिटची शिफारस आहे. तक्त्यात परभाषेची किंवा इलेक्टिव्हची जागा रिकामी असेल आणि कॉलेज मान्य करत असेल तर हा सर्वांत कमी अभ्यासाचा मार्ग ठरतो. मराठी माणसांना तो सुचतच नाही, कारण हिंदी येणं म्हणजे काही शिकलेलं आहे, असं आपण धरतच नाही.

सोफिया, स्टडी डॉट कॉम, स्ट्रेटरलाइन. या परीक्षा नव्हेत, आपल्या गतीने करायचे ऑनलाइन कोर्स आहेत. त्यांना एसीई, म्हणजे अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन, क्रेडिटची शिफारस देतं. शिफारस म्हणजे क्रेडिट नव्हे, ते द्यायचं की नाही हे कॉलेज ठरवतं. परीक्षेच्या घड्याळापुढे गोंधळणाऱ्यांना हा मार्ग मानवतो.

> सावध: एका कॉलेजने क्लेपचं क्रेडिट दिलं म्हणून दुसरं देईल असं नाही. कॉलेज बदललं तर गुण मूळ संस्थेकडून पुन्हा पाठवावे लागतात आणि नव्या नियमांनी पुन्हा तोलले जातात.

प्रत्येक परीक्षेनंतर दोन-तीन आठवड्यांनी ऑडिट उघडून पाहा. क्रेडिट ठरलेल्या जागेत पडलं का? "इलेक्टिव्ह" मध्ये जाऊन पडलं असेल तर टप्पा 5 मधली ती लेखी "हो" ची ईमेल पुढे करा. दुरुस्ती होते, पण विचारल्याशिवाय होत नाही.

## टप्पा 7: परीक्षेने जमत नाही ते कोर्स

प्रयोगशाळेचं विज्ञान परीक्षेने भागत नाही, कारण क्लेप बायोलॉजी पास झालात तरी लॅबची अट उरते. ती जवळच्या कम्युनिटी कॉलेजात उन्हाळ्यात उरकता येते. कॅलिफोर्नियात असाल तर असिस्ट या सरकारी संकेतस्थळावर कोणत्या कम्युनिटी कॉलेजचा कोणता कोर्स कोणत्या राज्य विद्यापीठात लागू होतो, ते थेट दिसतं.

बाहेरच्या कोर्समध्ये किमान सी श्रेणी लागते, डी मिळाली तर क्रेडिट बहुधा येत नाही. कम्युनिटी कॉलेजातूनही किती घ्यायची याला मर्यादा असते, तीही तक्त्यात लिहा.

कामाचा अनुभव असेल तर पोर्टफोलिओ पद्धतीबद्दल विचारा. भारतात पाच वर्षं अकाउंट्स सांभाळलेल्या माणसाला पुराव्यानिशी क्रेडिट मिळू शकतं. त्यात लिखाण खूप असतं. जिथे परीक्षा आहे तिथे परीक्षाच द्या, नाही तिथे पोर्टफोलिओ करा.

पदवी देणाऱ्या कॉलेजातले मेजरचे कोर्स एकमेकांवर अवलंबून असतात. शेवटचा समारोपाचा, म्हणजे कॅपस्टोन कोर्स वर्षातून एक-दोनदाच निघत असेल तर त्याची तारीख आधी धरा आणि बाकी सगळं तिथून मागे मोजत लावा.

## टप्पा 8: पदवीचा अर्ज

120 पूर्ण झाली म्हणून पदवी आपोआप येत नाही. तिच्यासाठी वेगळा अर्ज, वेगळी मुदत आणि बऱ्याच ठिकाणी वेगळी फी असते. मुदत सत्र संपण्याच्या कितीतरी आधी असते. बाहेरच्या सगळ्या ट्रान्स्क्रिप्ट आणि परीक्षांचे गुण त्याआधी पोचलेले असले पाहिजेत. शेवटची क्लेप अर्जाच्या आधी किमान सहा आठवडे द्या.

अर्ज भरताना पदवीवर नाव कसं छापायचं ते विचारतात. पासपोर्टवरचंच नाव लिहा, टोपणनाव किंवा लग्नाआधीचं नको. पदवी बहाल झाल्याची तारीख ट्रान्स्क्रिप्टवर चढली की त्या दिवसाची अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट मागवून घ्या, एक कागदी सीलबंद आणि एक इलेक्ट्रॉनिक. नोकरीचं बोलावणं आलं आणि पदवीचा कागद अजून टपालात असला, तर त्या आठवड्यात हीच ट्रान्स्क्रिप्ट पुढे करायची असते.